पूर्णाकाठकरांच्या कॅसेटी

वसमतच्या पाटबंधारे कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्या करुणा खंदारेला गाण्याचा भारी नाद आहे, असं तिच्या सासरी सगळे धरून चालले होते. खरं पाहता तिला एका गाण्याचं नाव धड सांगता येत नव्हतं. ती गुणगुणायला लागली की सासू पद्माबाई लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "करुणा, तू आपली बोल. गाऊ नको."

तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्या पर्समध्ये साठ मिनिटांची नवी भरलेली कॅसेट असायची.

याचं मूळ सासऱ्यांच्या आवाजात होतं. किशनराव पोस्टातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवल्याचा सूड ते आता पेपरवर काढत. सकाळी आलेला पेपर ते दुपारपर्यंत मोठ्यानं वाचत: बातम्या, जाहिराती, श्रद्धांजल्या, निविदा सूचना, सगळं. मध्ये मध्ये मंत्र्यांना उत्तरंही देत. "न्हाई साहेब, हे तुमचं बराबर न्हाई." घराच्या दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती, त्यामुळे पलीकडच्या खोलीत बसलेल्या करुणाला हे सगळं आपल्याच कानात बोलल्यासारखं ऐकू येई.

आणि करुणा पलीकडे बसून गोष्ट लिहीत असे. त्र्याण्णव साली तिनं पहिली गोष्ट लिहायला घेतली, तेव्हा तिसऱ्या पानावर तिची नायिका नवऱ्याला म्हणाली, "सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे." करुणानं पेन खाली ठेवलं. तिचा नवरा प्रमोद एसटीत ड्रायव्हर होता, वसमत-नांदेड गाडीवर. रात्री जेवताना तिनं त्याला एवढंच सांगितलं, "मामाजी माझ्या गोष्टीत घुसून राहिले." प्रमोद कमी बोलणारा माणूस. चार दिवसांनी तो नांदेडहून एक टेपरेकॉर्डर घेऊन आला.

टेप लावला की पेपर ऐकू येईनासा झाला. पण त्यात आणखी एक गोष्ट घडली. एक गाणं वाजत असताना तिला हळदीच्या मोंढ्यातला एक हमाल दिसला. कानापर्यंत पिवळा झालेला, डोक्यावरचं पोतं न सांडता रस्त्यातल्या बाईला वाट देणारा. गाणं संपलं की तो पुसट व्हायचा, पुन्हा लावलं की यायचा. तिनं ते गाणं एका दुपारीत अठरा वेळा लावलं आणि हमालाची गोष्ट लिहून टाकली. नांदेडच्या एका मासिकानं ती छापलीही. तेव्हापासून तिची रीतच पडली. आधी माणूस धरायचा, मग त्याला कोणती गाणी शोभतील ते ठरवायचं, ती एका कॅसेटमध्ये भरून आणायची आणि महिनाभर ऐकून गोष्ट लिहायची.

लेखक म्हणून नाव दिलं होतं पूर्णाकाठकर. कारण सरळ होतं. गोष्टींतली निम्मी माणसं कचेरीतली होती आणि उरलेली घरातली. पाकीट प्रमोद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नांदेडला पोचवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "डेपोचा कागद आहे."

कॅसेट भरून द्यायचं काम बसस्टँडसमोर दिपक राठोडकडे होतं. सिद्धेश्वरच्या बाजूच्या बंजारा तांड्यातला हा तिशीचा गडी. दोन डेक, भिंतभर कॅसेटी आणि लाऊडस्पीकरचे चार कर्णे एवढा त्याचा पसारा. लोक त्याच्याकडे गाण्यांची यादी देत, तो त्यातली गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून देई. बाकीच्यांच्या याद्या सरळ असत. करुणाची यादी वाचताना मात्र तो स्टूल ओढून बसायचा. कारण तिला नावं येत नव्हती, म्हणून ती असं लिहायची:

'ज्यात सुरुवातीला घोड्याच्या टापा आहेत आणि मग घोडा येतच नाही ते.'

'मोंढ्यासमोरच्या हॉटेलात दुपारी तीनला लावतात ते. भजी तळताना आवाज वाढवतात.'

'लग्नात बँडवाले वाजवतात, पण नवरदेवाच्या मित्रांना नाचता येत नाही ते. शब्द नकोत, नुसता बँड.'

एका महिन्यात नुसती एकच ओळ होती: 'ज्या ज्या गाण्यात बाई मधेच हसते ती सगळी.' दिपकला त्यासाठी दोन रात्री कपाटं उपसावी लागली. बावीस हसू सापडली. साठच्या कॅसेटमध्ये मावेनात, म्हणून त्यानं चार कडवी कापली, हसू एकही कापलं नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात दिपक शेजारच्या केशकर्तनालयात नंबर लावून बसला होता. हातात जुनं मासिक आलं. त्यात पूर्णाकाठकरांची गोष्ट होती, डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या एका हेडक्लार्कची. वाचता वाचता दिपकला वाटलं, ही गोष्ट आपण आधी कुठंतरी ऐकली आहे. वाचल्याची नव्हे, ऐकल्याची खूण पटत होती. दुकानात येऊन त्यानं तारेत खोचलेल्या जुन्या याद्या उलट्या चाळल्या. दोन महिन्यांपूर्वी आवक-जावकच्या बाईंनी अकरा अंगाईगीतं भरून नेली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, 'एखादं सरकारी वाटेल असं बघा.'

तीन महिने त्यानं ताळा पाहिला. बँडची कॅसेट गेली, दात पडलेल्या सनईवाल्याची गोष्ट आली. हसणाऱ्या बायांची कॅसेट गेली, तर अंत्यविधीत हसू न आवरणाऱ्या मावशीची गोष्ट आली. चौथ्या महिन्यात एका बस कंडक्टरची गोष्ट चालू होती. ती दोन भागांत होती आणि पहिल्या भागाच्या शेवटी बिचारा साहेबांच्या तपासणीत अडकला होता. त्या महिन्याची कॅसेट करुणानं रविवारी दुपारी लावली. पद्माबाई बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. बी बाजूचं शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि टेपमधून एक पुरुष खाकरून म्हणाला, "बाई, पुढच्या अंकात त्या कंडक्टरला सुटू द्या. गरीब आहे तो."

करुणाचा हात बटणापर्यंत जाईपर्यंत पद्माबाईंची शेंग हातातच राहिली होती.

"कोण गं हा?"

"रेडिओवाला, आत्याबाई."

"रेडिओवाल्याला काय करायचं कंडक्टरचं?"

"नाटक असंल."

"मग पुढचं लाव की. सुटला का तो?"

सोमवारी कचेरी सुटल्यावर करुणा तडक दुकानात गेली. दिपक काउंटरमागे कॅसेटची लोंबलेली पट्टी पेन्सिलनं गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"हे काय भरलंय तुमी?" तिनं विचारलं.

"फर्माइश," तो म्हणाला. "तुमी दर महिन्याला करता, मी एकदाच केली."

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच न्हाई. सांगितलं तर मजा जाईल ना. आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मला एकट्यालाच माहीत असतं वसमतमध्ये कोण सापडणार आहे ते. मी त्या माणसाला रस्त्यात नमस्कार घालतो. तो म्हणतो, काहून रे? मी म्हणतो, सहज."

करुणाला हसू आलं आणि त्याच वेळी हेही कळलं की आपल्याला ओळखून वाचणारा आयुष्यातला पहिला वाचक भेटला आहे. प्रमोद पाकीट पोचवायचा, उघडायचा नाही. कंडक्टर पुढच्या अंकात सुटला. गुपित राखायच्या बदल्यात दिपकनं एकच मागणी केली. त्याच्या आईवर एक गोष्ट लिहायची.

"त्यासाठी गाणं लागंल मला तिचं," करुणा म्हणाली. "बाजारातलं न्हाई चालणार."

पुढच्या आठवडी बाजाराला रुख्मिणीबाई तांड्यावरून आल्या. हातभर बांगड्या, ओढणीला आरसे, पायात टायरची चप्पल. मुलाच्या दुकानात येऊन त्यांनी आधी कर्ण्यावरची धूळ पदरानं पुसली, मग त्याला चार शब्द सुनावले आणि मग करुणाकडे पाहिलं.

"तू लिवणारी?"

"व्हय."

"माझं नाव नको लिवू. तांड्यावरच्या बाया जगू देणार न्हाईत. पण म्हशीचं नाव खरं टाक. चंपी. तिला कळत न्हाई, पण मला बरं वाटंल."

दिपकनं माइक समोर धरला. रुख्मिणीबाईंनी लेंगी, म्हणजे होळीत म्हणायचं तांड्यावरचं गाणं, धरलं. आवाज जाडाभरडा, पण असा की रस्त्यावरचा रसवंतीवाला चरक थांबवून ऐकू लागला. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध त्या थांबल्या आणि त्याच पट्टीत म्हणाल्या, "बटन दाबलंस का रे दिपक्या? का मी उगी भिंतीला सांगून राहिले?" त्यानं मान डोलावली. मग त्यांनी सोडलेल्या शब्दापासून पुढे उचललं.

महिनाभर ती कॅसेट खंदाऱ्यांच्या घरात वाजली. गोष्ट छापून आली तेव्हा त्यातली म्हातारी गाता गाता थांबून हेच वाक्य म्हणत होती. मासिकाकडे त्या अंकानंतर पोतंभर पत्रं आली म्हणतात. पोतंभर नसतील, पण प्रमोदनं डॅशबोर्डवरून दोन पिशव्या आणल्या हे खरं.

आता पूर्णाकाठकरांचे सगळ्यांत कट्टर भक्त कोण, तर किशनराव. दर पाच तारखेला मासिक आलं की ते कट्ट्यावर बसून ती गोष्ट मोठ्यानं वाचत. त्यांना सर्वांत आवडायचा अप्पाराव, हा बऱ्याच गोष्टींत डोकावून जाणारा म्हातारा. तो पेपर मोठ्यानं वाचायचा, शिंक आली तरी वाक्य पूर्ण करायचा आणि मंत्र्यांना परस्पर उत्तरं द्यायचा. किशनराव पोट धरून हसत. "असा एक आपल्या गल्लीत आहे," ते म्हणत, आणि शेजारच्या जळबाकडे बोट दाखवत. एकदा तर ते अंक घेऊन जळबाच्या दारात गेले. "वाच. तुझं आलंय."

जळबानं शांतपणे वाचलं. मग किशनरावांकडे बराच वेळ पाहिलं. "मला पेपर वाचता येत न्हाई, किशनराव," तो म्हणाला. "चष्मा फुटल्याला दोन वर्षं झाली."

"मग चष्म्याच्या आधीचं लिहिलं असंल," किशनराव म्हणाले.

गावात चर्चा होती की पूर्णाकाठकर म्हणजे देविदास गुरुजी. गुरुजी हायस्कूलला मराठी शिकवत, झब्बा घालत, खांद्याला झोळी असे, आणि बोलताना दोन वाक्यांमध्ये इतका वेळ घेत की ऐकणाऱ्याला वाटे आत काहीतरी मोठं चाललं आहे. कोणी विचारलं, "गुरुजी, ते तुमीच ना?" की गुरुजी नुसतं हसत. हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. चार-पाच वर्षांत त्या हसण्याचा पुरावा झाला.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत वाचनालयानं पूर्णाकाठकरांचा सत्कार ठरवला. परभणीपासून जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं होत आली होती, आपल्याकडेही साहित्यिक आहे हे परभणीकरांना कळायला हवं होतं. सत्कार समितीचे अध्यक्ष किशनराव. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी करुणासमोर जाड पिवळसर कागद ठेवला.

"तुझं अक्षर चांगलं आहे. गुरुजींचं मानपत्र तू लिही."

करुणानं कागदाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "मजकूर?"

"मजकूरही तूच बघ. कचेरीत इतके कागद लिहितेस. फक्त जरा उंच भाषेत असू दे."

तिनं ते काम फार मन लावून केलं. 'आपल्या हातून आजवर एकही चुकीचा शब्द लिहिला गेला नाही. आपल्या लेखणीची शाई कधी वाया गेल्याचं कोणी पाहिलं नाही. आपल्या कागदांवरील शुभ्रता आम्हांस सदैव आदर्श राहील.' किशनरावांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून. "प्रत्येक शब्द खरा आहे," ते म्हणाले.

"व्हय, मामाजी," करुणा म्हणाली.

सत्कार दुपारी चारला वाचनालयासमोरच्या मांडवात होता. लाऊडस्पीकर दिपकचा. पाहुणे येईपर्यंत गाणी लावायचा रिवाज, त्याप्रमाणे त्यानं गाणी लावली. करुणा पद्माबाईंशेजारी बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिलं गाणं वाजलं तशी ती ताठ झाली. ते हमालाचं होतं. मग घोडा नसलेल्या टापा आल्या. मग सरकारी वाटणारी अंगाई. दिपक आठ वर्षांच्या याद्या ओळीनं वाजवत होता, आणि ॲम्प्लिफायरच्या मागून तिच्याकडे न बघता बोटानं गुडघ्यावर ताल धरत होता.

व्यासपीठावर किशनराव खुर्चीत बसून भाषणाचा कागद चाळत होते. हळूहळू त्यांचं चाळणं थांबलं. ही गाणी त्यांनी भिंतीवरून महिना महिना ऐकली होती, इतकी की कोणत्या कडव्यानंतर टेप बंद होतो हेही त्यांना पाठ होतं; पण भिंतीपलीकडची गाणी आणि कट्ट्यावरच्या गोष्टी त्यांनी कधी एकत्र धरल्या नव्हत्या. मग मांडवभर जाडाभरडा आवाज घुमला, लेंगी सुरू झाली, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध चारही कर्णे म्हणाले, "बटन दाबलंस का रे दिपक्या? का मी उगी भिंतीला सांगून राहिले?"

मांडवात हशा झाला. पुष्कळांनी ती गोष्ट वाचली होती, त्यांना वाटलं गुरुजींच्या गोष्टीवर कोणी नाटुकलं भरलं आहे. किशनराव हसले नाहीत. त्यांनी बायकांच्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. करुणानं नजर चुकवायला पदर नीट केला, पण त्यात काही अर्थ नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय सरकलं ते तिला लांबून दिसलं. आधी कॅसेट, मग भिंतीवरून टेपमध्ये ऐकलेला कंडक्टर, मग मानपत्र. सगळ्यांत शेवटी अप्पाराव पोचला असावा, कारण ते एकदम लालबुंद झाले आणि त्यांनी जळबाकडे पाहिलं. जळबा पहिल्या रांगेत होता. त्यानं लगेच वर मांडवाच्या कापडाकडे बघायला सुरुवात केली.

शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. गुरुजी हसले. मग अध्यक्ष बोलायला उठले. किशनरावांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात घातला.

"मला गुरुजींना एकच विचारायचं आहे," ते म्हणाले. "तो अप्पाराव म्हातारा तुमाला कुठं भेटला?"

गुरुजींनी नेहमीइतका वेळ घेतला. "कल्पनेत," ते म्हणाले.

"बराबर," किशनराव म्हणाले. "मलाही तेच वाटत होतं. पूर्ण काल्पनिक. असा माणूस खऱ्या घरात असू शकत न्हाई. असला तर सून त्याला दुपारचा चहा कशी देईल?"

आणि ते खाली बसले. टाळ्या पडल्या, कारण भाषण छोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. किशनरावांनी तो मनातल्या मनात वाचला. दोन दिवस असंच चाललं. घरात इतकी शांतता झाली की पद्माबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी करुणा चहा घेऊन गेली तेव्हा ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्या अप्पारावाला कधी कोणाशी वाद जिंकू देत न्हाईस तू."

"जिंकला तर मग गोष्ट संपंल, मामाजी."

"एकदा तरी जिंकू दे. जळबाशी." मग पान उलटून, "आणि तुझ्या कॅसेटात माझं एक गाणं टाक. पोस्टात असताना सायकलवर म्हणायचो ते. नाव आठवत न्हाई. चढावर दम लागतो आणि उतारावर सूर लागतो, असं आहे."

पुढच्या यादीत करुणानं ते याच शब्दांत लिहिलं. दिपकला ते सापडायला नऊ दिवस लागले. किशनराव पुन्हा मोठ्यानं पेपर वाचायला लागले, फरक इतकाच की आता एखादं वाक्य बरं जमलं की ते भिंतीकडे तोंड करून सावकाश दुसऱ्यांदा म्हणत, लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

देविदास गुरुजी मात्र सत्काराच्या चौथ्या दिवशी दारात उभे राहिले. काखेत शाल, हातात नारळ. करुणाच्या अक्षरातलं मानपत्र त्यांनी घरी निवांत वाचलं होतं, आणि ते मराठीचे मास्तर होते; पूर्णाकाठकरांची लेखणी त्यांना त्यात ओळखू आली.

"मी कधी हो म्हणालो नव्हतो, बाई," ते म्हणाले.

"न्हाई म्हणाले असते तरी चाललं असतं, गुरुजी."

"तेच चुकलं. पण खरं सांगू का, लोक विचारायचे तेव्हा फार बरं वाटायचं. तीस वर्षं पोरांना दुसऱ्यांचे धडे शिकवले. एकदा कोणी विचारलं, हा धडा तुमचा का, तर तोंड उघडेना."

हे मात्र करुणाला अपेक्षित नव्हतं. गेले चार दिवस ती त्यांच्यावर मनातल्या मनात हसत होती. तिनं त्यांना बसवलं, नारळ फोडून चटणी केली, शाल परत त्यांच्याच खांद्यावर घातली. "थंडी आहे अजून," ती म्हणाली. आणि गुरुजी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तिनं पुढची यादी लिहायला घेतली. दिपकनं ती वाचली आणि पेन्सिल कानामागे अडकवली.

"बाई, इथं तुमी लिहिलंय, 'गाणारा वेगळा आणि ओठ हलवणारा वेगळा अशी गाणी.'"

"व्हय."

"मग सगळीच आली की."

ती गोष्ट तिच्या गोष्टींमधली सर्वांत मायाळू होती. गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली आणि पोरांना सांगितलं की ही मी लिहिलेली नाही, मी कधीच काही लिहिलेलं नाही. त्यांनी स्टँडवर सांगितलं, वाचनालयात सांगितलं, केस कापताना सांगितलं. गाव भारावून गेलं. एवढा मोठा माणूस आणि केवढी नम्रता, असं जो तो म्हणू लागला.

दोन हजार सहामध्ये पुस्तक निघालं, करुणा खंदारे या नावानं, मागच्या बाजूला फोटोसकट. तोवर दिपकनं कॅसेटी आवरून मोबाइलचं दुकान टाकलं होतं. पहिली प्रत रुख्मिणीबाईंना गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दिपककडून चंपी हा शब्द शोधून घेतला आणि त्यावर बोट ठेवून बसल्या.

त्या वर्षी श्रावणात करुणा औंढ्याला एका कामासाठी निघाली होती. गाडीत शेजारच्या माणसाच्या हातात तेच पुस्तक होतं. बरंच वाचून झालं होतं. तिनं विचारलं, कसं आहे.

"एक नंबर," तो म्हणाला. "वसमतचे एक गुरुजी आहेत, त्यांचं आहे. नाव बाईचं टाकलंय."

"काहून बरं?"

"मोठे लोक असतात, बाई. नाव नको असतं त्यांना." त्यानं पुस्तक उलटं करून फोटो दाखवला, मग फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. "तुमच्यासारखीच दिसून राहिली ही," तो म्हणाला. "बहीण का?"

"व्हय," करुणा म्हणाली. "धाकटी." आणि पर्समधून तिकीट काढून तिकिटाच्या मागच्या बाजूला ती बारीक अक्षरात काहीतरी लिहायला लागली.